विज्ञान संस्थेची इमारत आणि तिच्या पुढ्यातला हॉल : पार्श्वभूमी

मुंबईत मादाम कामा रोडवरची विज्ञान संस्था २०१९ पासून होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज यांच्यासह हे समूह विद्यापीठ, म्हणजे जुनी कॉलेजे एकत्र बांधून केलेले विद्यापीठ, झाले. तेव्हापासून जागेचा विषय निघाला की गाडी इमारतीच्या पुढ्यातल्या अर्धगोल कावसजी जहांगीर हॉलपाशी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयापाशी, येऊन थांबते, म्हणून थोडे मागे जायला हवे.

मुंबई विद्यापीठ १८५७चे असले तरी पहिली जवळपास पन्नास वर्षे त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. शिकवायचे ते कॉलेजांनी. १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची, प्रयोगशाळा उभारण्याची वाट मोकळी झाली. मुंबईत विज्ञानासाठी स्वतंत्र, भक्कम वास्तू हवी हा आग्रह त्याच सुमाराचा. पैसा सरकारचा कमी आणि शेटजींचा जास्त : जहांगीर, ससून, करीमभाई, मूलजी ही नावे त्यातूनच इमारतीला चिकटली. १९११ साली कोनशिला बसली. मध्ये महायुद्ध आले आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, १९२० साली सुरू झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. पलीकडचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि गेटवे ऑफ इंडिया त्यांचेच, पण तिथल्या घुमट-कमानींऐवजी इथे त्यांनी युरोपीय अभिजात वळण घेतले. दगड पिवळसर, खरोडीचा.

खरा घोळ आराखड्यातच आहे. प्रयोगशाळेच्या इमारतीला कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून एक सार्वजनिक सभागृह जोडले गेले, आणि तेही मागच्या अंगाला नव्हे, तर थेट आजच्या रीगल सिनेमाच्या चौकाकडे तोंड करून. रस्त्यावरच्या माणसाला हॉल दिसायचा, विज्ञान दिसायचे नाही. देणगीदाराचे नाव चौकात झळकावे यात गैर काही नाही. त्या काळी देणगी मिळवायची रीतच ती होती. पण रसायनाच्या इमारतीला हवा खेळती लागते, आम्लाचे पाणी वाहून जायला वेगळी सोय लागते, आणि तराजूला बारीकसा हादराही चालत नाही. अशा कामाच्या पुढ्यात गर्दीचे ठिकाण उभारताना विचार झाला तो शहराच्या शोभेचा, हे मान्य करायला हरकत नसावी.

हॉलने मात्र शहराची चाकरी इमानाने केली. सभा, परिषदा, पाश्चात्त्य संगीताच्या मैफली, मुष्टियुद्धाच्या लढती, लग्नाचे स्वागतसमारंभ, शेवटी शेवटी तर चामडी वस्तूंचे सेलसुद्धा. आत संस्थेत काय चालले होते ते त्यामानाने कमी लोकांना ठाऊक. १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपली यूडीसीटी, याच इमारतीत सुरू झाला आणि १९४३ साली माटुंग्याला गेला. होमी भाभा केंब्रिजला जाण्याआधी इथे शिकले. स्वातंत्र्यानंतर ‘रॉयल’ गळले. जीवरसायन विभागात नीरेवर महत्त्वाचे संशोधन झाले. एवढा ऐवज असलेल्या वास्तूची टॅक्सीवाल्याला सांगायची खूण मात्र ‘म्युझियमसमोर’.

१९५२ साली जवळच जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, तीही त्याच घराण्याच्या देणगीतून. शहरात नवी, वातानुकूलित सभागृहे आली तशी कावसजी जहांगीर हॉलची मागणी ओसरली. मग तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला देण्याचा निर्णय झाला. नूतनीकरणाला बारा वर्षे लागली आणि १९९६ साली संग्रहालय खुले झाले. बाहेरचा दगडी दर्शनी भाग तसाच ठेवून आत नवे मजले घातले. आज आत शिरल्यावर जिन्याने एकेक अर्धवर्तुळाकार दालन चढत शेवटी घुमटाखाली पोचतो. सपाट कॅनव्हास आणि वाकडी भिंत यांचा मेळ घालताना मांडणी करणाऱ्याची परीक्षाच असते.

निर्णयाचे समर्थक म्हणतात, हॉल पडून राहण्यापेक्षा हे बरे झाले. दर्शनी भाग वाचला आणि दिल्लीत १९५४पासून असलेल्या संग्रहालयाला मुंबईत घर मिळाले. हे खरेच आहे. वास्तूजतनाच्या अंगाने तर हा नमुनेदार प्रयोग म्हणावा लागेल. पण हॉल मुळात ज्या इमारतीचा अवयव होता, त्या संस्थेच्या गरजेचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत कायम तोंडी लावण्यापुरताच राहिला. ग्रंथालय, प्रयोगशाळा, व्याख्यानाची खोली, सगळ्याच ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्यात आजचे शिक्षण बसवायचे, आणि पुढचा सर्वांत मोठा दिवाणखाना दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ही वाटणी. त्यातही कला संग्रहालय केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे आणि विद्यापीठ राज्याचे. एकाच दगडी वास्तूचे दोन सरकारी वाली असले की साध्या गळतीच्या दुरुस्तीलाही कागद दोन टेबलांवरून फिरणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

२०१९च्या निर्णयाने या जुन्या दुखण्याला नवी धार आली. नुसती संस्था असताना हॉलवाचून निभावून नेता येत होते. विद्यापीठ म्हटले की दीक्षान्त समारंभ आला, परिषदा आल्या, मोठी व्याख्याने आली.