गेमच्या खात्यातून बँकेपर्यंत

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना मोठमोठ्या डेटा सेंटरच्या इमारती लागतात. कुंपण, कॅमेरे, पहारेकरी, सगळा कडेकोट बंदोबस्त. ऑनलाइन गेमची खाती अशाच कुठल्यातरी इमारतीत साठवलेली असतात, मग ती इथली असो वा परदेशातली. चोर मात्र गेटवर येतच नाही. जुनं, दुरुस्ती न केलेलं एखादं सॉफ्टवेअर त्याला पुरतं.

एप्रिल २०११मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन गेमसेवेचं तेच झालं. सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघडी पडली. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, पासवर्ड, सगळंच. कंपनीने २० तारखेला नेटवर्क बंद केलं, पण चोरी झाल्याचं ग्राहकांना सांगितलं २६ तारखेला. हे सहा दिवस मला चोरीपेक्षा जास्त खटकतात. पुढे २०१३मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने अडीच लाख पौंडांचा दंड ठोठावला. सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत केलं असतं तर हा हल्ला टळला असता, असं त्या कार्यालयाचं म्हणणं होतं.

पासवर्ड चोरीला गेले म्हणजे नेमकं काय गेलं? शहाणी कंपनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा 'हॅश' ठेवते. पासवर्ड एका गणिती सूत्रातून काढला की ठरावीक लांबीची अक्षरमाळ मिळते. मिक्सरमधल्या वाटणासारखंच हे: जिन्नस तेच असतील तर वाटण तेच, पण वाटणातून अख्खं खोबरं परत काढता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा सर्व्हर नव्याने हॅश काढतो आणि जुन्याशी ताडून बघतो.

चोर उलटं गणित करतच नाही, अंदाज बांधतो. १२३४५६, मुलाचं नाव आणि जन्मसाल, आवडता क्रिकेटपटू, अशा लाखो शब्दांचे हॅश काढून चोरलेल्या यादीशी जुळवत बसतो. एमडी५सारखी जुनी सूत्रं इतकी झटपट चालतात की गेम खेळायला घेतलेलं ग्राफिक्स कार्डच सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासू शकतं. (गेमरचंच हत्यार गेमरवर!) म्हणून आता प्रत्येक पासवर्डला 'सॉल्ट' नावाची वेगळी यादृच्छिक अक्षरं जोडतात. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे निघतात, आणि चोराला प्रत्येक खात्यावर स्वतंत्र मेहनत करावी लागते. शिवाय बीक्रिप्टसारखी सूत्रं मुद्दामच संथ बनवलेली असतात.

पासवर्ड एकदा फुटला की तोच ईमेल, शॉपिंग, बँक अशा दहा ठिकाणी चालवून बघतात, तेही आपोआप, प्रोग्रामकरवी. घणसोलीतल्या शाळकरी मुलाच्या गेमला बहुतेक वेळा आईचा ईमेल आणि घरात सगळीकडे वापरला जाणारा पासवर्ड असतो. चोराला खरा रस असतो तो त्या ईमेलमध्ये, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरचा कोडही मागण्याची सोय, सर्वांत आधी त्या ईमेलला लावावी, गेमचा नंबर नंतर. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.