पार्श्वभूमी : टॅटू हा उपचार, शिक्षा की अलंकार?

दक्षिण कोरियाच्या संसदेने सप्टेंबर २०२५ मध्ये टॅटू आर्टिस्टना स्वतंत्र परवाना देणारा कायदा मंजूर केला. त्याआधीची तेहतीस वर्षे तिथे डॉक्टर नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या त्वचेत सुईने शाई भरणे हा गुन्हा धरला जात होता. त्या काळात लाखो लोकांनी टॅटू करून घेतले आणि ते करणारे जवळजवळ सगळेच कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होते. लोक टॅटू का काढतात आणि टॅटू सुंदर असतो का, हे प्रश्न एरवी गप्पांमध्ये निकालात निघतात. तिथे मात्र ते न्यायाधीशांपुढे आले आणि त्यांची उत्तरे लेखी द्यावी लागली. म्हणून सुरुवात या निकालांपासून.

१९९२ सालचे मूळ प्रकरण भुवयांचे होते. विरळ भुवया कायम रेखीव दिसाव्यात म्हणून त्यांत शाई भरली जाते, तसला टॅटू. सुई त्वचेत शिरते, रक्त येऊ शकते, संसर्ग पसरू शकतो, म्हणून ही वैद्यकीय कृती आहे आणि ती डॉक्टरनेच करावी, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. भुवयांना लावलेला हा तर्क पुढे मनगटावरच्या नावाला लागू झाला आणि पाठभर पसरलेल्या चित्रालाही. २०२२ मध्ये हाच प्रश्न घटनात्मक न्यायालयात गेला. तिथे पाच विरुद्ध चार अशा मतांनी बंदी टिकली. कायदा घटनाबाह्य ठरवायला तिथे नऊपैकी सहा मते लागतात. आणखी दोन मते तिकडे गेली असती, तर तीन वर्षांनंतरच्या कायद्याची वाट पाहावी लागली नसती.

धोक्याची भीती निराधार नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते. तेवढे आत जावेच लागते, कारण वरचा थर सतत झडत असतो आणि शाई तिथेच राहिली तर काही आठवड्यांत चित्र निघून जाईल. खालच्या थरात पोचलेली शाई शरीराला परकी वाटते. संरक्षणासाठी धावून आलेल्या पेशी तिचे कण गिळतात, पण ते त्यांना पचवता येत नाहीत. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. उंदरांवरच्या प्रयोगांत २०१८ मध्ये हे चक्र स्पष्ट दिसले. टॅटू वर्षानुवर्षे जागेवर राहतो तो या न संपणाऱ्या राखणीमुळे. काही कण मात्र तिथून निसटून लसिका ग्रंथींत जाऊन बसतात, आणि म्हणून शाईत काय असते हा गंभीर प्रश्न ठरतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. वर्षभराने प्रचलित निळ्या आणि हिरव्या रंगांतले एकेक रंगद्रव्यही त्या बंदीत आले.

पण धोका आहे म्हणून नियम हवेत, हे एक म्हणणे झाले. धोका आहे म्हणून हे काम डॉक्टरचेच, हे पूर्ण वेगळे म्हणणे आहे, आणि १९९२ चा निकाल पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेला. डॉक्टर चित्र काढायला शिकलेला नसतो. कातडी हा ताणला जाणारा, वळणारा, म्हातारा होणारा पृष्ठभाग आहे. त्यावर रेष कशी बसेल याचे ज्ञान वैद्यकाच्या अभ्यासक्रमात नाही. परिणामी काम थांबले नाही, ते बंद दाराआड गेले. सुया निर्जंतुक आहेत का हे तपासायला कोणी येईना, कारण ज्या धंद्याला कायद्यात अस्तित्वच नाही त्याची तपासणी कोण करणार? ग्राहकाने पैसे बुडवले किंवा तक्रारीची धमकी दिली, तर आर्टिस्टला पोलिसांकडे जाण्याचीही सोय नव्हती. संसर्ग रोखण्यासाठी आलेल्या नियमाने संसर्गावरची देखरेखच अशक्य करून टाकली, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कने हा धडा आधीच घेतला होता. काविळीच्या साथीचे कारण देऊन १९६१ मध्ये त्या शहराने टॅटू काढण्यावर बंदी घातली. ती १९९७ मध्ये उठली, आणि मधल्या छत्तीस वर्षांत टॅटू शहरातून गेले नाहीत, फक्त घरांच्या आतल्या खोल्यांत गेले.

जपानमध्ये याच तर्काचा शेवट वेगळा झाला. २००१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले. सुईच्या टोकाने त्वचेत रंग भरणे ही वैद्यकीय कृती आहे, असा त्याचा आशय होता. २०१५ मध्ये ओसाका भागातल्या एका तरुण टॅटू आर्टिस्टवर त्या आधारे कारवाई झाली. दंड भरून मोकळे होता आले असते, पण त्याने खटला चालवण्याची मागणी केली. २०१७ मध्ये तो दोषी ठरला, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. टॅटूला लागणारे कौशल्य चित्रकलेचे आहे, वैद्यकाचे नाही, आणि हे काम इतिहासात कधीच डॉक्टरांनी केलेले नाही, हा त्या निकालाचा गाभा. एका न्यायाधीशाने जोडलेल्या पूरक मतात आणखी एक गोष्ट आली. टॅटू नापसंत असणारे लोक आहेत, तसेच त्यात कलेचे मूल्य किंवा एखाद्या श्रद्धेचे, उत्कट भावनेचे प्रतीक पाहणारेही आहेत, असे त्यात म्हटले होते. टॅटू सुंदर आहे असे न्यायालय म्हणाले नाही. कोणाला तरी तो सुंदर वाटू शकतो आणि ते वाटणे कायद्याने दखल घेण्याजोगे आहे, एवढेच म्हटले. त्याच्या दहा वर्षे आधी, २०१० मध्ये, अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले होते. टॅटू, तो काढण्याची क्रिया आणि त्याचा व्यवसाय या तिन्हींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण आहे, असा तो निकाल होता.

जपानचा निकाल नीट कळायचा तर तिथल्या शब्दांची गुंतागुंत समजून घ्यावी लागते. भाषांतरांत सगळ्यालाच ‘टॅटू’ म्हटले जाते, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. ‘इरेझुमी’ म्हणजे आत घातलेली शाई. अठराव्या शतकात, १७२० पासून, हा शब्द मुख्यतः शिक्षेशी जोडलेला होता. नाक-कान कापण्याऐवजी चोराच्या दंडावर पट्टे किंवा कपाळावर खूण गोंदवली जाई. खूण प्रांताप्रांतात वेगळी असे, त्यामुळे माणूस कुठे पकडला गेला हे त्याच्या अंगावरून वाचता येई. ‘होरिमोनो’ म्हणजे कोरलेली गोष्ट. हा शब्द स्वेच्छेने काढून घेतलेल्या मोठ्या चित्रांसाठी होता. १८२७ च्या सुमारास अंगभर गोंदवलेल्या वीरांची लाकडी ठशांनी छापलेली चित्रमालिका निघाली आणि आग विझवणारे, ओझी वाहणारे, पालख्या उचलणारे अशा लोकांत या चित्रांची लाट आली. कारागीर तेच, सुया त्याच. शिक्षेची खूण अंगावर असलेले काहीजण त्याच खुणेवरून मोठे चित्र काढून घेत आणि तिला झाकून टाकत. म्हणजे एकाच त्वचेवर वर होरिमोनो, खाली इरेझुमी.

शिक्षेचे गोंदण १८७० मध्ये बंद झाले, पण लगेच १८७२ मध्ये अलंकाराच्या गोंदणावरही बंदी आली. पाश्चात्त्यांसमोर देश मागासलेला दिसू नये, ही त्यामागची काळजी होती. त्याच काळात पाश्चात्त्यांचे राजघराणे मात्र टॅटू करून घेत होते. ब्रिटनच्या युवराजाने १८६२ मध्ये जेरुसलेममध्ये क्रूस गोंदवला होता, आणि त्याच्या मुलाने, पुढे राजा झालेल्या राजपुत्राने, १८८१ मध्ये जपानमध्येच हातावर ड्रॅगन काढून घेतला. परदेशी पाहुण्यांना चालणारी गोष्ट तिथल्या माणसाला गुन्हा होती. बंदी उठली ती १९४८ मध्ये. तोवर हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले होते, आणि गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलेला संशय दोघांनाही चिकटला. आजही तिथल्या अनेक उष्ण पाण्याच्या स्नानगृहांत टॅटू असलेल्याला प्रवेश नाही. २०१३ मध्ये होक्काइदो बेटावर न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी स्त्रीला तिच्या चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवले गेले. ज्या रेषा तिच्या कुळाची ओळख सांगत होत्या, त्या तिथे टोळीची खूण म्हणून वाचल्या गेल्या.

शिक्षा म्हणून गोंदवण्याची रीत केवळ जपानची नाही. प्राचीन ग्रीक लोक गुलामांना आणि गुन्हेगारांना गोंदवत. त्या खुणेला ते ‘स्टिग्मा’ म्हणत, आणि कलंकासाठी तोच शब्द युरोपच्या भाषांत आजवर राहिला. चौथ्या शतकात एका रोमन सम्राटाने शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर खूण करण्यास मनाई केली, कारण चेहरा दैवी प्रतिमेसारखा असतो. हात-पाय मात्र त्याने मोकळे ठेवले. आणि विसाव्या शतकात, १९४१ पासून, नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदवले गेले. वाचलेल्यांपैकी काहींच्या नातवंडांनी पुढे तोच क्रमांक आपल्या हातावर काढून घेतला, आठवण म्हणून. अंक तेच, पण एका हातावर ते लादलेले आणि दुसऱ्या हातावर मागून घेतलेले. टॅटूच्या सौंदर्याची चर्चा रेषांच्या रेखीवपणावरून करणाऱ्यांनी या दोन हातांकडे पाहावे. खूण कोणाच्या इच्छेने उमटली, हे बाजूला ठेवून ती सुंदर की कुरूप हे सांगताच येत नाही, असे मला वाटते.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांहून जुन्या देहावर काजळीच्या ६१ खुणा आहेत, साध्या रेघा आणि फुल्या. त्यांतल्या बऱ्याच कंबर, गुडघे, घोटे अशा जागी आहेत, जिथे त्याची हाडे झिजली होती, त्यामुळे त्या दुखण्यावरच्या उपचारासाठी असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. जवळजवळ त्याच काळातल्या इजिप्तमधल्या एका पुरुषाच्या दंडावर मात्र बैल आणि रानमेंढा आहे. तो देह शंभरावर वर्षे संग्रहालयात होता आणि त्या आकृत्या नुसता काळपट डाग समजल्या जात होत्या. २०१८ मध्ये अवरक्त छायाचित्रांत त्या प्राण्यांची शिंगे दिसली. म्हणजे एकीकडे उपचार, दुसरीकडे चित्र, आणि दोन्ही पुरावे सारखेच प्राचीन. ‘टॅटू’ हा शब्द त्यामानाने अगदी अलीकडचा. १७६९ मध्ये ताहितीला पोचलेल्या इंग्रज जहाजावरच्या लोकांनी तो ‘तताउ’ या पॉलिनेशियन शब्दावरून उचलला.

लोक टॅटू का काढतात याचे आजचे उत्तर २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सापडते. तिथल्या ३२ टक्के प्रौढांच्या अंगावर टॅटू आहे, पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. कारण विचारले तेव्हा ६९ टक्के लोकांनी कोणाचा तरी सन्मान किंवा आठवण हे सांगितले, ४७ टक्क्यांनी आपली श्रद्धा किंवा मत. रूप खुलावे म्हणून, असे सांगणारे ३२ टक्के. टॅटू म्हणजे नटणे, असे समजून त्यावर टीका करणाऱ्यांनी किंवा त्याचे कौतुक करणाऱ्यांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे. आठवण आधी येते, देखणेपण बरेच मागे.

तरी देखणेपणाचा प्रश्न उरतोच. १९१० च्या सुमारास व्हिएन्नातल्या एका वास्तुकाराने, सजावटीविरुद्ध बोलताना, टॅटू काढणारा आधुनिक माणूस एकतर गुन्हेगार असतो किंवा अधोगतीला गेलेला, असे म्हटले होते. ते मत वास्तुकलेत फार गाजले, आणि टॅटूबद्दलची तिटकाऱ्याची भाषा त्यातून बरीच घडली. मला ते मत पटत नाही, कारण त्यात देहाकडे भिंतीसारखे पाहिले आहे. भिंत हलत नाही. टॅटू दंड वळला की वळतो, पोट वाढले की पसरतो, वर्षांनी त्याच्या कडा धूसर होतात, बारीक अक्षरे एकमेकांत मिसळतात. चांगला आर्टिस्ट हे धरून रेषांमध्ये मोकळी जागा सोडतो आणि स्नायूच्या वळणाने चित्र नेतो. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी व्रणावर फुलांची वेल किंवा स्तनाग्राचे हुबेहूब चित्र काढणारे आर्टिस्ट आहेत. तसे काम एकदा पाहिले की सुंदर हा शब्द वापरायला मन कचरत नाही. आणि ते काम उपचार की अलंकार, याचे उत्तर १९९२ च्या निकालातून मिळत नाही.

त्याच २०२३ च्या पाहणीत टॅटू असलेल्यांपैकी २४ टक्क्यांना निदान एका टॅटूचा पस्तावा होता. मराठीत ‘टॅटू काढणे’ याचे दोन्ही अर्थ होतात, रेखणे आणि पुसणे. कोरियाच्या नव्या कायद्याने पहिले काढणे परवानाधारक आर्टिस्टच्या हाती दिले आणि दुसरे, लेझरने शाईचे कण फोडून पुसण्याचे, डॉक्टरांकडेच ठेवले. अल्पवयीनांना पालकांच्या संमतीशिवाय टॅटू करता येणार नाही. अंमल कायदा जाहीर झाल्यापासून दोन वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये, असे त्यात ठरले आहे.