हॉरर-सायफाय शॉर्टफिल्म फेस्टिवलला पाठवताय? आधी हे वाचा

आमच्याकडं एडिट, साउंड मिक्स आणि डीसीपीला (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी कॉपी) येणारी बरीच मंडळी मित्राच्या फ्लॅटवर, मोबाईलवर नाहीतर भाड्याच्या कॅमेऱ्यावर फिल्म करून आणतात आणि पहिलं हेच विचारतात की एवढ्या कमी बजेटची फिल्म कोणी घेईल का. घेतात हो. ह्याच प्रकाराचे वेगळे फेस्टिवल आहेत, बार्सिलोनाजवळ सिट्जेसचा 1968 पासून, मॉन्ट्रियलचा फँटेझिया 1996 पासून, कोरियात बुचॉनचा 1997 पासून, आणि तिन्हीकडं शॉर्टफिल्म असतात. 2018 ला तुंबाड सिट्जेसला दाखवला होता, म्हणजे आपले वाडे तिकडं कळत नाहीत असं काही नाही. आणि बजेटचं म्हणाल तर स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं 2013 ला घरातच, बायकोला घेऊन, तीन मिनिटांच्या आतली 'लाइट्स आउट' केली, त्यावर 2016 ला हॉलिवूडनं मोठा पिक्चर काढला.

आमचं मत विचाराल तर कमी बजेटची हॉरर पडते ती मेकअपमुळं नाही, आवाजामुळं. शूटिंगला पंखा, फ्रिज बंद करा, आणि सीन संपला की त्याच खोलीत सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसता रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या, हा नसला की एडिटमध्ये शांतता तुटक-तुटक ऐकू येते आणि मग भीती गेलीच. जंप स्केअरला (अचानक दचकवायच्या जागी) आवाज फाडून टाकायची हौस सगळ्यांनाच असते पण त्याच्या आधीची शांतता नीट नसेल तर प्रेक्षक दचकत नाही, वैतागतो.

दुसरं म्हणजे अंधार. मोबाईलवर खरोखरच्या अंधारात शूट केलं की काळ्या भागात दाणे येतात, वर फाईल कॉम्प्रेस झाली की चौकोन दिसायला लागतात, ते आम्ही थोडं ग्रेन (फिल्मसारखे एकसारखे बारीक दाणे) टाकून झाकतो पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापेक्षा जरा जास्त लाइट देऊन शूट करा, रात्र आपण ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड ठीक करताना, करू. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) सुरुवातीपासून 24 ठेवा. बऱ्याच मोबाईलचा फ्रेम रेट शूट चालू असतानाच बदलतो, मग लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत, त्यामुळं फ्रेम रेट लॉक होणारं ॲप वापरा.

डीसीपी फेस्टिवलला सिलेक्शन झाल्यावरच करा. आमचा धंदा आहे तरी सांगतो, आधी करून पैसे अडकवू नका, एन्ट्रीला पासवर्डवाली लिंक चालते. फिल्मफ्रीवेवर (फेस्टिवलला ऑनलाइन एन्ट्री पाठवायची साइट) एन्ट्री फी बहुतेक डॉलरमध्ये असते आणि डेडलाइन जवळ आली की वाढते, तेव्हा अर्ली बर्डमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या कमी फीतच, भरा, आणि वीस ठिकाणी भरण्यापेक्षा आधी त्या फेस्टिवलनी मागच्या वर्षी काय दाखवलं ते बघून चार निवडा. काही फेस्टिवलना ऑनलाइन टाकलेली फिल्म चालत नाही म्हणून निकाल लागेपर्यंत यूट्यूबवर टाकायची घाई नको.

म्युझिक कुठूनतरी डाउनलोड केलेलं असेल तर आम्ही ते मिक्समध्ये घेत नाही, लायसन्सचा कागद पाहिजेच.

येताना ओरिजिनल फुटेज, आवाजाच्या वेगळ्या फाईल आणि इंग्लिश सबटायटलची एसआरटी फाईल हार्डडिस्कवर आणा, व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ नको. दर फिल्मच्या मिनिटांवर आहे, फिल्म बघूनच सांगतो.