पंजाएवढ्या चार जागा

पेट्रोल पंपावर आपण पैसे मोजतो ते फक्त पेट्रोलचे. इंजिन मात्र त्याच्या कितीतरी पट एक फुकटची वस्तू गिळत असतं, ती म्हणजे हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. तीन लिटर पेट्रोल जाळलं की दहा बाय दहाची खोलीभर हवा संपली!

त्यामुळे 'इंजिनाची ताकद वाढवा' असं कुणी म्हणालं की खरा प्रश्न हवेचा असतो. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, गाडीतल्या इंधनपंपाचा दाब वाढवला की झालं. हवा आत कोंबायची कशी? एक मार्ग म्हणजे इंजिनच मोठं करायचं. दुसरा मार्ग, इंजिन तेवढंच ठेवून हवा दाबून भरायची. ती दाबून भरणारं यंत्र म्हणजे टर्बो.

उदाहरणाला आपल्याकडचीच गाडी घेऊ, ऑडी क्यू३. 'आपल्याकडची' हे उगाच म्हणत नाही. जर्मन नावाची ही गाडी भारतीय बाजारासाठी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जोडली जाते. २०२२ साली तिची दुसरी पिढी इथे आली, तिचं इंजिन १९८४ सीसीचं, म्हणजे दोन लिटरला थोडं कमी. ताकद १९० अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर ३२० न्यूटन-मीटर. टर्बो नसलेलं एवढंच पेट्रोल इंजिन साधारण १९० ते २०० न्यूटन-मीटरवर थांबतं. वरचा सगळा जोर दाबून भरलेल्या हवेचा.

ती दाबायला लागणारी शक्ती येते कुठून? सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरातून. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकं फिरवतो, तिसरा रेडिएटरमधून निघून जातो आणि तिसरा धुराबरोबर. या धुराच्या वाटेत एक छोटं पातं बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा ओढणारं दुसरं पातं. धूर एकाला फिरवतो, ते दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरं इंजिनात हवा ढकलतं. अगदीच फुकट नाही हे. धुराची वाट अडली की इंजिनाला तो बाहेर ढकलायला थोडे कष्ट पडतातच. पण सौदा फायद्याचा आहे.

या पात्याचं चाक पेढ्याएवढं असतं, जेमतेम पाच सेंटिमीटर. वेग मात्र मिनिटाला दीड-पावणेदोन लाख फेरे. पापणी लवेपर्यंत सातशे-आठशे फेरे होऊन जातात आणि त्याची कड आवाजापेक्षा जास्त वेगाने धावत असते. एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची साधी हवा, आणि मधला दांडा बहुधा तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. टर्बोवाल्या गाडीला इंजिन ऑईलच्या बाबतीत काटकसर चालत नाही ती यामुळे. जुने ट्रक ड्रायव्हर घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू देत नसत, मिनिटभर चालू ठेवायला लावत. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या दांड्याभोवती अडकलेलं तेल करपतं. आजच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन थांबल्यावरही पाणी खेळवत राहणारा विजेचा पंप असतो, पण ड्रायव्हरमंडळींचं निरीक्षण पक्कं होतं.

कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. पहिली मोठी निकड निर्माण झाली विमानांना. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन दमतं. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर नेऊन टर्बोसह चालवून दाखवलं. त्या विरळ हवेतही त्याने खालच्यासारखीच ताकद दिली. लेह-लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको. खारदुंग ला वर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. तिथे साधं इंजिन धापा टाकतं. टर्बो मात्र आणखी जोरात फिरून बरीचशी तूट भरून काढतो.

अडचणी दोन. पहिली सायकलच्या पंपाने हवा भरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, पंपाचं टोक तापतं. तीस अंशांची हवा दाबून दुप्पट दाबाला नेली की ती शंभर-सव्वाशे अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाबल्याचा निम्मा फायदा गेला, शिवाय पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोके द्यायला लागतं. म्हणून ती हवा इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात. दुसरी अडचण आळसाची. पेडल दाबलं की आधी धूर वाढायला हवा, मग पातं वेग घेणार, मग हवा वाढणार. जुन्या टर्बो गाड्या त्यामुळे क्षणभर झोपेत असल्यासारख्या वागायच्या आणि मग एकदम उसळी घ्यायच्या. क्यू३चा ३२० न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांपासूनच हजर असतो, म्हणजे हा आळस बऱ्यापैकी मोडून काढला आहे. लहान, हलकं पातं आणि धुराचा कमीत कमी लांबीचा रस्ता, ही त्यातली मुख्य युक्ती.

इथवर जोर तयार झाला. तो खर्च कुठे होतो, हा भाग मला जास्त रंजक वाटतो आणि जाहिरातींत तोच सगळ्यात गोंधळाचा असतो.

माणसं धरून १७०० किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर सव्वाचारशे किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की कळतं, एक टायर जमिनीला जेमतेम १८५ चौरस सेंटिमीटर टेकतो. हाताचा पंजा पसरला तर एवढाच होईल. इंजिन कितीही तगडं असो, त्याचा सगळा व्यवहार अशा चार पंजांतून चालतो. रस्ता निसरडा झाला की जोर मुबलक आणि तो टेकवायला जागा नाही, अशी गत होते.

ऑडीला हे उमगलं ते बर्फात. १९७६-७७च्या हिवाळ्यात उत्तर युरोपात गाड्यांच्या चाचण्या चालू असताना यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या लक्षात आलं, की फोक्सवॅगनची इल्टिस ही लष्करी जीप अवघ्या ७५ अश्वशक्तीवर त्यांच्या जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकते आहे. कारण एकच, तिची चारही चाकं ओढत होती. जानेवारी १९७८मध्ये ऑडीची चारही चाकं ओढणारी चाचणीगाडी ऑस्ट्रियातल्या टुराखर होहे या खिंडीत बर्फावरून चढली. चढ २३ टक्के आणि टायर साधे उन्हाळी.

यात जादू नाही, आकडेमोड आहे. १६०० किलोची गाडी २३ टक्क्यांच्या चढावर चढवायला सुमारे ३६० किलोचा जोर लागतो. दाबलेल्या बर्फावर टायरची पकड वजनाच्या तीस टक्के धरू. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणजे पुढच्या दोन चाकांवर साधारण निम्मंच उरतं. फक्त पुढची चाकं ओढत असतील तर जास्तीत जास्त २३५ किलोचा जोर जमिनीला लागेल. उरलेली ताकद चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाणार. चारही चाकं ओढायला लागली की हाच आकडा ४७०वर जातो. इंजिन तेच, टायर तेच, बर्फही तोच.

मार्च १९८०मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीची 'क्वाट्रो' ही गाडी लोकांसमोर आली. पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती आणि चारही चाकांना कायम जोर. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या महिला चालकाने तिच्यावर सानरेमोची रॅली जिंकली.

आजच्या क्यू३वरही 'क्वाट्रो' हीच पाटी असते, पण आतली यंत्रणा वेगळी आहे. इथे इंजिन आडवं बसतं, सरळ रस्त्यावर बहुतेक काम पुढची चाकंच करतात आणि मागच्या ॲक्सलजवळ तेलात बुडालेल्या क्लचप्लेट्सची चळत असते. विजेचा पंप तेलाचा दाब वाढवतो, प्लेट्स एकमेकींना घट्ट चिकटतात आणि जोर मागे जातो. दाब कमी केला की सैल. हे सगळं सेकंदाच्या अंशात घडतं, अनेकदा पुढचं चाक घसरण्याच्या आतच, कारण तुम्ही पेडल किती जोरात दाबलंत आणि स्टिअरिंग किती वळवलंत हे संगणक पाहत असतो. पाटी एक आणि माल दोन प्रकारचा, याला जुने क्वाट्रोभक्त नाकं मुरडतात. मला त्यात फसवणूक वाटत नाही. कोरड्या महामार्गावर चारही चाकं सतत ओढत ठेवण्यात पेट्रोल जाण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

या प्लेट्समुळे एक पथ्य मात्र येतं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, झिजलेल्याची दोन. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर दोहोंच्या घेरात पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि तो फरक प्लेट्सना सोसावा लागणार. साध्या गाडीत आपण आज दोन, दिवाळीला दोन असे टायर बदलतो. इथे ते महागात पडतं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण आषाढातला शेतरस्त्याचा लाल चिखल आहे, ओलं गवत आहे. तिथून बाहेर पडताना ही चार चाकांची ओढ खरोखर कामी येते. शोरूममध्ये न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की तिचा संबंध ओढण्याशी आहे, थांबण्याशी नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. पावसात आंबोलीचा घाट उतरताना पुढच्या लहानशा हॅचबॅकने आणि मागच्या आलिशान एसयूव्हीने एकदम ब्रेक दाबले, तर टर्बो आणि क्वाट्रो दोघेही हात बांधून उभे राहतात. तिथे टायरचं रबर आणि त्याच्या खाचांतून बाहेर फेकलं जाणारं पाणी, एवढंच उपयोगी. गंमत म्हणजे चढावर सहज वेग घेणारी गाडी चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळूच देत नाही. ते कळतं पहिल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर.

टुराखरचा बर्फाळ चढ उन्हाळी टायरांवर चढल्याची गोष्ट ऑडीवाले अजून रंगवून सांगतात. तोच रस्ता त्याच टायरांवर उतरल्याची गोष्ट कुणी सांगताना ऐकलेलं नाही.