व्हरमाँट प्रजासत्ताक

व्हरमाँट प्रजासत्ताक : कनेक्टिकट नदी व शॅम्प्लेन सरोवर यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात वसाहतकऱ्यांनी १७७७ ते १७९१ या काळात चालविलेले स्वतंत्र राज्य. ब्रिटिश राजा आणि शेजारचे न्यू यॉर्क या दोघांचाही अंमल त्याने एकाच वेळी झुगारला. चौदा वर्षांत त्याला कोणीही मान्यता दिली नाही. तरीही त्याने कायदे केले, फौज उभारली, तांब्याची नाणी पाडली, टपाल चालविले आणि ४ मार्च १७९१ रोजी अमेरिकेच्या संघराज्यात चौदावे राज्य म्हणून प्रवेश मिळविला. ‘प्रजासत्ताक’ हे नाव पुढच्या इतिहासकारांनी दिले. तेव्हाचे लोक नुसते ‘व्हरमाँट राज्य’ म्हणत. या लढ्याला स्वातंत्र्याचा उदात्त इतिहास म्हणून सांगण्याची रीत असली, तरी मुळात तो जमिनीच्या सनदांचा दावा होता.

हा दावा न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याच्या कारभारातून उपजला. त्याने १७४९ मध्ये बेनिंग्टनची सनद दिली आणि १७६४ पर्यंत कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेला सव्वाशेहून अधिक गावांच्या सनदा वाटल्या. साधारण सनदेतले गाव सहा मैल लांब व सहा मैल रुंद, म्हणजे २३,०४० एकरांचे असे. त्याचे साठ-सत्तर हिस्से पडत. त्यांपैकी एक धर्मप्रसारक संस्थेला, एक इंग्लंडच्या चर्चला, एक गावात येणाऱ्या पहिल्या धर्मोपदेशकाला आणि एक शाळेला राखून ठेवलेला असे. प्रत्येक गावात ५०० एकर वेंटवर्थ स्वतःच्या नावे ठेवी. हिस्सेदाराने पाच वर्षांत दर ५० एकरांमागे पाच एकर लागवडीखाली आणायचे, राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी लागणारे पांढरे पाइन तोडायचे नाहीत, पहिली दहा वर्षे नाताळच्या दिवशी मक्याचे एक कणीस सारा म्हणून द्यायचे आणि पुढे दर १०० एकरांमागे एक शिलिंग भरायचा, अशा अटी असत. कणसाचा सारा अर्थात नावापुरता होता. त्यातून मालक राजा आहे एवढेच दिसे. सनदेत ज्यांची नावे होती त्यांतल्या पुष्कळांनी ही जमीन कधी पाहिलीही नाही. त्यांनी हिस्से विकले आणि कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्समधली गरीब कुटुंबे ते स्वस्तात घेऊन १७६० नंतर, फ्रेंचांचे भय सरल्यावर, कुऱ्हाडी घेऊन आली. या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अबेनाकी लोकांना ना वेंटवर्थने विचारले, ना न्यू यॉर्कने.

न्यू यॉर्कच्या मते त्याची हद्द कनेक्टिकट नदीपर्यंत होती. २० जुलै १७६४ रोजी राजाने आपल्या मंत्रिमंडळासह नदीचा पश्चिम काठ हीच दोन्ही वसाहतींची सीमा ठरविली. ही सीमा आजपासून की पूर्वीपासूनच, हे मात्र आदेशात स्पष्ट नव्हते. आजपासून धरली तर वेंटवर्थच्या सनदा टिकत होत्या. पूर्वीपासून धरली तर त्या रद्दी ठरत होत्या. न्यू यॉर्कने दुसरा अर्थ घेतला आणि त्याच जमिनींच्या नव्या सनदा आपल्या माणसांना देण्यास सुरुवात केली. (काठ म्हणजे नेमकी कोणती रेषा, हा प्रश्न १९३३ पर्यंत लोंबकळत राहिला. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पश्चिमेकडील नीचतम जलरेषा ही हद्द ठरविली. त्यामुळे नदीचे पात्र न्यू हॅम्पशायरचे आहे.)

कसणाऱ्याने फी भरून न्यू यॉर्ककडून सनद पक्की करून घ्यावी, अशी एक वाट होती. पण गव्हर्नर, मोजणी अधिकारी, सचिव अशा प्रत्येकाची फी वेगळी, वर सारा १०० एकरांमागे अडीच शिलिंग. जंगल तोडून नुकती शेती धरलेल्या माणसाकडे रोकड कुठून येणार? नदीकाठच्या पूर्वेकडील काही गावांनी पैसे भरून तडजोड केली. पश्चिमेकडील बहुतेकांनी केली नाही, आणि त्यांच्याच जमिनींवर न्यू यॉर्कच्या सनदा अधिक दाटल्या होत्या. पुढे पूर्वेकडचा एक गट कितीतरी वर्षे न्यू यॉर्कच्या बाजूने का राहिला, त्याचे एक कारण इथे आहे. बेनिंग्टनचा सॅम्युएल रॉबिन्सन गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेला. १७६७ मध्ये तिथून न्यू यॉर्कला नव्या सनदा थांबविण्याचा हुकूम निघाला. तो फारसा पाळला गेला नाही.

१७७० मध्ये न्यू यॉर्कमधील ऑल्बनीच्या न्यायालयात कबजा सोडविण्याचे दावे चालले. न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या सनदा पुरावा म्हणून दाखलच करून घेतल्या नाहीत, त्यामुळे निकाल सुनावणीआधीच लागल्यासारखा होता. बचावाची व्यवस्था पाहणारा इथन ॲलन परत आला आणि त्याच वर्षी बेनिंग्टनच्या फे नावाच्या माणसाच्या खाणावळीत ‘ग्रीन माउंटन बॉइज’ ही टोळी उभी राहिली. तिची पद्धत ठरलेली होती. मोजणीदाराला अडवायचे आणि परत पाठवायचे. न्यू यॉर्कच्या सनदेवर आलेल्याची झोपडी पाडायची वा जाळायची. न्यू यॉर्कच्या नावाने न्यायदान करणाऱ्याला बीच झाडाच्या फोकांनी फोडून काढायचे. बेंजामिन हफ या न्यायाधीशाला १७७५ मध्ये २०० फटके मारून हद्दपार केले. अर्लिंग्टनच्या एका डॉक्टरला खुर्चीला बांधून खाणावळीच्या पाटीच्या खांबावर सगळ्या गावादेखत टांगून ठेवले. मारायचे, पण जीव घ्यायचा नाही, हा त्यांचा हिशेब होता. खून पडला असता तर राजाची पलटण आली असती. न्यू यॉर्कने मार्च १७७४ मध्ये कायदा करून ॲलनसह काही जणांनी ७० दिवसांत हजर व्हावे, नाहीतर चौकशीविना देहदंड, असे जाहीर केले. त्यांच्या डोंगरात हा कायदा अमलात आणील असा अधिकारी मात्र मिळाला नाही. १७७१ च्या जुलैत ऑल्बनीचा शेरीफ मोठा जमाव घेऊन जेम्स ब्रेकनरिजचे शेत ताब्यात घ्यायला आला, तोही हात हलवीत परतला.

ॲलनला लोकनायक म्हणताना एक गोष्ट वगळता येत नाही. तो, त्याचे भाऊ आणि नातलग यांनी १७७३ मध्ये जमीन कंपनी काढून विनूस्की नदीकाठच्या हजारो एकरांचे न्यू हॅम्पशायर हक्क पडत्या भावाने घेतले होते. गरिबाचे शेत आणि आपला सट्टा हे दोन्ही त्यांनी एकाच झेंड्याखाली लढविले.

पूर्वेकडचे लोक १३ मार्च १७७५ नंतर वळले. वेस्टमिन्स्टरला कर्जाच्या खटल्यांना विरोध करून न्यायालयाची इमारत अडविणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि दोघे दगावले. महिनाभरात अमेरिकन क्रांतियुद्ध पेटले. डॉर्सेट येथील अधिवेशनांतून स्वतंत्र होण्याचा विचार पक्का झाला आणि १५ जानेवारी १७७७ रोजी वेस्टमिन्स्टरला ‘न्यू कनेक्टिकट’ या नावाने स्वातंत्र्य जाहीर झाले. जूनमध्ये नाव बदलून व्हरमाँट केले. इथन ॲलन तेव्हा ब्रिटिशांच्या कैदेत होता. ही घोषणा त्याच्या गैरहजेरीत झाली.

विंडसर येथे जुलै १७७७ मध्ये मंजूर झालेली राज्यघटना पेन्सिल्व्हेनियाच्या नमुन्यावर बेतलेली होती : एकच सभागृह, मतदानाला मालमत्तेची अट नाही आणि घटना पाळली जाते की नाही हे दर सात वर्षांनी तपासणारे मंडळ. ती लोकांपुढे मताला टाकली गेली नाही. कारण ब्रिटिश फौज जवळच्या टिकाँडरोगा किल्ल्यापर्यंत आली होती. पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षांनंतर गुलामगिरीत ठेवता येणार नाही, असे कलम तिच्यात होते. त्याची गाजावाजाने स्तुती होते, पण अंमल करणारी यंत्रणा नव्हती आणि मुलांना संरक्षण नव्हते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश स्टीफन जेकब याने १७८३ मध्ये डायना या कृष्णवर्णीय स्त्रीला विकत घेतले होते. ती थकल्यावर तिचा खर्च कोणी सोसायचा यावर गावाने त्याच्यावर भरलेला दावा १८०२ मध्ये चालला आणि विक्रीखत पुरावा म्हणून मान्य झाले नाही, एवढ्यावर जेकब सुटला.

राज्य चालवायला पैसा हवा होता. इथनचा भाऊ आयरा ॲलन या खजिनदाराच्या सूचनेवरून ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्यांच्या मालमत्ता जप्त करून विकल्या गेल्या, आणि त्यातून पहिली पलटण उभी राहिली. पुढे नव्या गावांच्या सनदा विकून कर हलके ठेवले. त्यामुळे कर्जाने पिचलेल्या शेजारच्या राज्यांतून लोक येत राहिले. रूपर्ट गावच्या रूबेन हार्मनला १७८५ मध्ये तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना मिळाला. प्रत्येक नाण्याचे वजन १६० ग्रेन ठरले होते; ते परवडेना म्हणून १११ ग्रेनवर आणले. नाण्यावर ‘चौदावा तारा’ असे लॅटिनमध्ये कोरलेले होते. मान्यता आली नसली तरी अर्ज नाण्यावर होता. हक्काचा दस्त सदोष निघाला तरी जमीन सुधारणाऱ्याला त्या सुधारणेची भरपाई मिळेल, असा कायदाही झाला. कसणाऱ्यांच्या दृष्टीने हाच सर्वांत कामाचा कायदा म्हणावा लागेल.

काँग्रेस, म्हणजे अमेरिकेच्या राज्यांची प्रतिनिधी सभा, मात्र व्हरमाँटला आत घेईना. न्यू यॉर्क दुखावले असते, आणि पश्चिमेला अफाट जमिनी असणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांना एखाद्या राज्याच्या जमिनीतून नवे राज्य निघण्याचा पायंडा नको होता. व्हरमाँटनेही न्यू हॅम्पशायरची काठावरची गावे दोनदा, आणि १७८१ मध्ये न्यू यॉर्ककडची काही, आपल्यात ओढून प्रकरण चिघळविले. वॉशिंग्टनने जानेवारी १७८२ मध्ये पत्राने समज दिल्यावर ती सोडावी लागली. याच सुमारास ॲलन बंधू क्वेबेकचा गव्हर्नर हॅल्डिमंड याच्याशी कैद्यांच्या अदलाबदलीच्या आडून बोलणी करीत होते. ती ब्रिटनकडे जाण्यासाठी होती की काँग्रेसला धाक घालण्यासाठी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. उत्तर सीमेवरचा ब्रिटिश हल्ला तेवढा काळ टळला.

कोंडी १७८९ नंतर फुटली. नव्या संघीय घटनेनुसार एखाद्या राज्याच्या हद्दीत दुसरे राज्य करायचे तर त्याची संमती लागे. दक्षिणेकडून केंटकी येऊ घातले होते आणि उत्तरेला तोल राखण्यासाठी एक राज्य हवे होते. हॅमिल्टनसारख्या न्यू यॉर्कच्याच नेत्यांना हे उमगले. ऑक्टोबर १७९० मध्ये तडजोड झाली : न्यू यॉर्कने हद्दीवरचा व सनदांवरचा हक्क सोडायचा आणि व्हरमाँटने ३०,००० डॉलर द्यायचे. जानेवारी १७९१ मध्ये बेनिंग्टनच्या अधिवेशनाने संघीय घटना १०५ विरुद्ध २ मतांनी स्वीकारली. तेव्हा राज्याची लोकसंख्या सुमारे ८५,००० होती. इथन ॲलन १७८९ मध्येच वारला होता. ३०,००० डॉलर न्यू यॉर्कच्या सनदाधारकांत १७९९ मध्ये वाटले गेले. त्यांतला बडा दावेदार, ऑल्बनीच्या दाव्यांतला वकील जेम्स डुएन, १७९७ मध्ये निवर्तला असल्याने त्याचा हिस्सा वारसांना मिळाला.