बर्फातल्या मासळीचा प्रवास कोण लिहून ठेवतो?

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली आणि तिच्यात फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने सारा गोवा अस्वस्थ झाला. जागेवरच्या झटपट चाचणीने संशय व्यक्त केला, नंतर प्रयोगशाळेतील तपासणीच्या आधारे प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले, आणि या दोन निष्कर्षांमधला गोंधळ इतका वाढला की सरकारला बाहेरून येणारी मासळी काही काळ थांबवावी लागली. ते दिवस मासेमारी बंदीचे होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे या काळात गोव्यात खपणारी बरीचशी मासळी ट्रकने शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येते. चर्चा रसायनाची झाली. परंतु मासळी कोणत्या बंदरात उतरली, कधी बर्फात पडली आणि बाजारात पोचेपर्यंत किती तास पुरेशा बर्फाविना राहिली, हे सांगणारी कोणतीही नोंद त्या खोक्यांसोबत नव्हती. माझ्या मते अन्नसुरक्षेचा खरा प्रश्न तिथेच आहे.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातील सुमारे ३७ टक्के द्रावण. ते ऊतींमधील प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणूनच शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते अवयव टिकवण्यासाठी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अन्नात त्याला जागा नाही, याबद्दल दुमत असू शकत नाही. अडचण अशी की काही माशांच्या शरीरात मृत्यूनंतर ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड या नैसर्गिक संयुगाचे विघटन होऊन थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते. बोंबील हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर केलेली एखादी चाचणी नुसते ‘आहे’ असे म्हणाली, तरी ते बाहेरून घातले की आतून आले, हे ठरवण्यासाठी प्रमाण मोजावे लागते आणि त्या जातीच्या माशाची माहितीही हाताशी असावी लागते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखण्यासाठी झटपट चाचणीचे संच तयार केले आहेत आणि ते अत्यंत उपयुक्त आहेत. पण चाचणी त्या क्षणाचे चित्र देते, आणि मासळीची सुरक्षितता ठरते ती त्याआधीच्या तासांवर.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बांगडा. बांगडा, तारले, ट्यूना यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असते. मासा गरम राहिला तर काही जिवाणू या हिस्टिडिनचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असे त्रास होतात आणि बहुतेकांना ती माशाची ॲलर्जी वाटते. यातली गंभीर बाब अशी की हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही. तळले, आमटीत उकळले, तरी ते तसेच राहते. शिवाय ते तयार झालेल्या माशाला दर वेळी दुर्गंधी येतेच असे नाही. कल्ले लाल आहेत का, डोळे चमकदार आहेत का, हे पाहण्याची आपल्या घरोघरची पारख मोलाची आहे, पण या एका विषापुढे ती अपुरी पडते. इथे उपाय एकच: मासा पकडल्यापासून तो सतत थंड ठेवणे आणि तो थंड राहिल्याचा पुरावा जपणे.

तापमानाचा हिशेब किती कठोर असतो, हे एका साध्या सूत्रावरून कळते. मत्स्यविज्ञानात बर्फातल्या, म्हणजे ० अंश सेल्सिअसच्या, माशाच्या तुलनेत खराब होण्याचा वेग काढताना तापमानाला ०.१ ने गुणून त्यात १ मिळवतात आणि आलेल्या संख्येचा वर्ग करतात. ५ अंशांना हा वेग सव्वादोन पट होतो, १० अंशांना चौपट, २० अंशांना नऊपट. याचा अर्थ, २० अंशांवर सहा तास राहिलेल्या माशाने बर्फातले ५४ तास खर्च केलेले असतात. हे सूत्र मुख्यतः थंड समुद्रांतील माशांवरच्या अभ्यासातून आले असून आपल्याकडचे उष्ण पाण्यातले मासे बर्फात तुलनेने अधिक दिवस टिकतात. तरीही गेलेला वेळ नंतर कितीही बर्फ घातला तरी परत मिळत नाही, हे दोन्हीकडे तितकेच खरे आहे. बर्फाच्या बाबतीतही गणित स्पष्ट आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तेवढ्यात साधारण तीन किलो मासळी २८ अंशांवरून ० अंशांवर येऊ शकते. प्रत्यक्षात खोक्याच्या भिंतींतून बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून उष्ण प्रदेशात मासळी आणि बर्फ जवळजवळ समसमान घ्यावेत असा सल्ला दिला जातो. वाटेत बर्फ कधी संपला, हे मात्र खोके उघडल्यावर डोळ्यांना कळत नाही, कारण पोचण्यापूर्वी नवा बर्फ घालता येतो.

नेमके हेच सेन्सरला कळते. शीतसाखळीत, म्हणजे माल सुरुवातीपासून शेवटपर्यंत थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेत, सर्वाधिक वापरला जाणारा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध ठरावीक पद्धतीने घटतो असा धातूंच्या ऑक्साइडचा छोटासा मणी. त्याला जोडलेले सूक्ष्म परिपथ ठरावीक मिनिटांनी हा रोध मोजतात, त्याचे तापमानात रूपांतर करतात आणि वेळेसह साठवतात. अशा उपकरणाला संदेशवहनाची जोड मिळाली की ते जोडलेल्या सेन्सरांच्या जाळ्याचा भाग होते: शीतगृहातले तापमान मर्यादेबाहेर गेले तर व्यवस्थापकाच्या मोबाइलवर इशारा येतो, आणि ट्रक मुक्कामी पोचल्यावर सबंध प्रवासाचा आलेख मिळतो. तापमानाखेरीज आर्द्रता, दार उघडल्याची वेळ, स्थान, फळांतून निघणारा इथिलीन वायू यांचेही सेन्सर आहेत. मासळीतून निघणाऱ्या अमोनियासारख्या वायूंमुळे रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवरही बरेच संशोधन झाले आहे. माझा भर तरीही तापमानावरच राहील, कारण ते स्वस्तात मोजता येते, समजायला सोपे आहे आणि बिघाड होण्याच्या आधी सूचना देते; वायू मात्र बिघाड सुरू झाल्यावर निघतात.

वापरातल्या अडचणी बारीक असल्या तरी निर्णायक ठरतात. सेन्सर दाराजवळ टांगला तर तो हवेचे तापमान दाखवतो. दार उघडले की ते झटकन चढते आणि इशारा वाजतो, मासा मात्र आतून थंडच असतो. असे खोटे इशारे रोज येऊ लागले की माणसे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. म्हणून सेन्सरचे टोक द्रवाने भरलेल्या छोट्या बाटलीत किंवा थेट खोक्यातल्या मासळीमध्ये ठेवतात. दुसरी अडचण रेडिओलहरींची. मासा आणि बर्फ दोन्ही मुख्यतः पाणीच आहेत. वितळलेले पाणी आणि ओली मासळी ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात आणि ट्रकचा धातूचा डबा त्या अडवतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. त्यावर चालणारी लोरासारखी बिनतारी संदेशवहनाची तंत्रे कमी विजेत अधिक अंतर गाठतात. गोव्याकडे येणाऱ्या चोर्ला किंवा अनमोड घाटात मोबाइलचे जाळे तुटले तरी नोंद तुटू नये, यासाठी उपकरणाने ती स्वतःजवळ साठवून जाळे मिळताच पाठवली पाहिजे. हे वैशिष्ट्य नसलेले उपकरण, ते कितीही आकर्षक असो, आपल्या रस्त्यांसाठी घेऊ नये.

तापमानाची नोंद ही अर्धी गोष्ट झाली. ती नोंद कोणत्या मालाची, हे ठाऊक नसेल तर तिचा उपयोग संपतो, आणि इथे मागोवा घेण्याचा विषय येतो. त्याचे महत्त्व २०११ मध्ये जर्मनीने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराने तेव्हा तिथे हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक जण दगावले. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर ठपका ठेवला गेला, तिथल्या शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले, आणि नंतर तो ठपका चुकीचा निघाला. तपास पथकांनी रुग्ण जिथे जेवले होते त्या उपाहारगृहांपासून पुरवठादारांच्या बिलांचा माग उलट दिशेने काढत नेला, तेव्हा सगळे धागे लोअर सॅक्सनीतल्या मोड आलेली कडधान्ये तयार करणाऱ्या एका शेतीउद्योगापाशी जुळले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोजवळ काही जण आजारी पडले होते. दोन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा ठरला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचा एकच लॉट, म्हणजे एकत्र ओळखला जाणारा साठा. हा शोध आठवड्यांनी लागला, कारण माहिती कागदांच्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत विखुरलेली होती. युरोपीय संघात प्रत्येक व्यावसायिकाने माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याची नोंद ठेवावी असा नियम २००५ पासूनच लागू होता. त्या नोंदींमुळेच स्रोत सापडू शकला. पण त्या जोडलेल्या नव्हत्या, म्हणून तो उशिरा सापडला.

भारतातही या दिशेने काम झालेले आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली, आणि त्यामुळे महाराष्ट्रातल्या बागेपासून युरोपला जाणाऱ्या पेटीपर्यंतचा माग ठेवता येऊ लागला. युरोपला जाणाऱ्या समुद्री मासळीसोबत तर २०१० पासून ती कायदेशीररीत्या पकडल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार असुरक्षित माल बाजारातून परत बोलावण्याची जबाबदारी अन्न व्यावसायिकावर आहे. माल कुठे गेला हे माहीत नसेल तर तो परत बोलावणार तरी कसा? परदेशी ग्राहकाला जी माहिती आपण काळजीपूर्वक पुरवतो, ती म्हापशाच्या किंवा पणजीच्या बाजारात उभ्या असलेल्या गृहिणीला मिळू नये, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मासळीत लॉटची ओळख टिकवणे हे द्राक्षांपेक्षा कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. गोव्यातल्या मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर एका बोटीची मासळी लिलावात अनेकांकडे विभागली जाते. एकेक व्यापारी अनेक बोटींची मासळी एकत्र करतो. पुढे किरकोळ विक्रेत्या महिलांच्या टोपल्यांत ती पुन्हा मिसळते. प्रत्येक बांगड्याला चिठ्ठी लावणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. ओळख द्यायची ती क्रेटला. क्रेटवर क्यूआर कोड किंवा रेडिओलहरींनी वाचता येणारी चकती असेल आणि माल मिसळताना ‘या तीन क्रेटांमधून हा चौथा भरला’ एवढी नोंद झाली, तर संशयाचे वर्तुळ पूर्ण बाजाराएवढे न राहता काही क्रेटांपुरते आखता येते. २०१८ मध्ये अशी सोय असती, तर सरसकट सगळी मासळी थांबवण्यापूर्वी संशयित माल वेगळा काढण्याचा पर्याय तरी समोर असता, आणि ज्यांची मासळी निर्दोष होती त्या विक्रेत्या महिलांचे उत्पन्न कदाचित वाचले असते.

या संदर्भात ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेल्या साखळीबद्ध नोंदवहीचा, उल्लेख हमखास होतो. एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, एवढे काम ते तंत्र चोख करते. पण कुणी सेन्सरच बर्फाच्या लादीवर ठेवला आणि मासळी बाजूला उन्हात राहिली, तर खोटी नोंदही तितक्याच चोखपणे जपली जाईल. म्हणून सेन्सर मोहरबंद असणे, तो कुठे ठेवायचा हे ठरलेले असणे आणि त्याची वेळोवेळी पडताळणी होणे याला मी अधिक महत्त्व देईन. पडताळणीची एक पद्धत कोणत्याही जेटीवर करता येण्याजोगी आहे: स्वच्छ बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांचे मिश्रण ढवळून त्यात सेन्सरचे टोक बुडवावे. स्थिर झाल्यावर त्याने ० अंश दाखवले पाहिजे. अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडला तर ते उपकरण दुरुस्तीला पाठवावे.

इतके सेन्सर सांभाळणे आपल्याला जमेल का, या शंकेला देशानेच उत्तर दिलेले आहे. लसींच्या शीतसाखळीसाठी उभारलेल्या ई-विन व्यवस्थेत देशभरातल्या हजारो लससाठा केंद्रांच्या शीतपेट्यांचे तापमान सेन्सरद्वारे नोंदवले जाते आणि ते मर्यादेबाहेर गेले की जबाबदार कर्मचाऱ्याला संदेश जातो. तिथे ती यशस्वी झाली याचे कारण, इशारा आल्यावर धावायचे कोणी हे आधीच ठरलेले होते. मासळीच्या बाबतीत ते ठरवणे बाकी आहे. ट्रकचालक, बर्फ पुरवणारा, दलाल, बाजार चालवणारी यंत्रणा, प्रत्येकाच्या ताब्यात माल काही तास असतो, आणि नोंदीशिवाय प्रत्येक जण दोष पुढच्यावर ढकलू शकतो. खर्चाचा भार किरकोळ विक्रेत्यांवर टाकू नये. तो घाऊक व्यवहारात, क्रेटच्या आणि वाहनाच्या पातळीवर घेतला गेला पाहिजे.

गोव्याला या कामात एक भौगोलिक अनुकूलता आहे. रस्त्याने येणारा माल मुख्यतः पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे अशा मोजक्या नाक्यांवरून येतो, आणि मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत तर बाहेरच्या मासळीचे प्रमाण सर्वाधिक असते. या नाक्यांवर प्रत्येक मासळीवाहू ट्रकच्या सेन्सरची नोंद काही मिनिटांत वाचून घेता येईल. ज्या ट्रकचा आलेख वाटेत चढलेला दिसेल, त्याच्यातल्या बांगड्याची आणि तारल्यांची हिस्टामिन चाचणी आधी करावी, आणि ज्याच्याकडे नोंदच नसेल त्याला फॉर्मेलिनच्या तपासणीसाठी बाजूला घ्यावे. उरलेले ट्रक न थांबता पुढे जातील. तपासणी पथकांचा मर्यादित वेळ आणि चाचणीचे संच त्यामुळे जिथे संशय आहे तिथे वापरले जातील, आणि पहाटेच्या लिलावाला उशीर होणार नाही.