शिक्षा झालेला पण बाहेर असलेला माणूस मोजायचा कसा?

जेलमधली माणसं मोजणं तसं सोपं काम आहे. सकाळी बराक उघडताना गिनती, संध्याकाळी बंद करताना गिनती, आकडा जुळला नाही तर कुणी जागचं हलत नाही. (आमच्या सांगलीत जेल म्हटलं की अजून लोक २४ जुलै १९४३ काढतात, वसंतदादा आणि त्यांचे साथीदार जेल फोडून बाहेर पडले तो दिवस, त्या संध्याकाळची गिनती काय लागली असेल ते तुम्हीच ठरवा.) पण ज्याला कोर्टानं दोषी धरलंय आणि तरी तो घरी आहे, उसाला पाणी पाजतोय, मिरजेला दवाखान्यात चाललाय, त्याला मोजायचं कुणी आणि कुठं उभं राहून? सरकारी आकडेवारीतला हा एक किचकट विषय आहे आणि बातमीत 'इतके कैदी पॅरोलवर' असं वाचताना आपण त्याचा विचारच करत नाही.

आधी दोन प्रकार वेगळे करू. प्रोबेशनवाला म्हणजे जेलमध्ये न जाताच सुटलेला. आपल्याकडं १९५८ चा परिविक्षा कायदा आहे, कोर्टाला वाटलं तर ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडता येतं, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी, हवं तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. एकवीस वर्षांच्या आतला असेल तर कोर्टानं त्याला आत टाकायच्या आधी दहादा विचार करावा असंच कायदा सांगतो. पॅरोलवाला मात्र आत जाऊन आलेला असतो. आणि इथं मोठी भानगड आहे, कारण अमेरिकेतला पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग बाहेर राहून काढायचा, महिनोन्महिने नाहीतर वर्षानुवर्षे, आणि आपल्याकडचा पॅरोल म्हणजे सुट्टी. घरात कुणी गेलं, आजारपण आलं, लग्न निघालं, की अर्ज करायचा, पोलिसांचा चौकशी रिपोर्ट जातो, जामीनदार लागतो, मंजूर झालं की कळंब्याहून किंवा येरवड्याहून गावी यायचं, बहुतेक वेळा जवळच्या ठाण्यात हजेरी लावायची अट असते, आणि तारखेला परत आत. महाराष्ट्रात याचे नियम १९५९ चे आहेत, फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत, म्हणजे घरी काढलेला महिना दोघांचा सारखाच पण सुटायची तारीख एकाची जागच्या जागी राहते आणि दुसऱ्याची पुढं सरकते. तेव्हा अमेरिकेत पॅरोलवर इतके आणि भारतात इतके अशी तुलना कुणी पाठवली तर ती तिथंच सोडून द्यावी.

पण मोजण्याची पद्धत शिकायची तर अमेरिकेचंच उदाहरण घ्यावं लागतं, कारण तिकडं हे काम १९८० पासून दरवर्षी चाललंय. ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्स नावाचं सरकारी खातं आहे, ते प्रोबेशनचा एक आणि पॅरोलचा एक असे दोन सर्व्हे करतं. फॉर्म जातो देखरेख ठेवणाऱ्या एजन्सीला, माणसाला नाही. कुठं आख्ख्या राज्याचा एकच फॉर्म भरून येतो, कुठं प्रत्येक काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) किंवा कोर्टाचं ऑफिस आपला आपला फॉर्म भरतं, आणि भरायची सक्ती नसते, त्यामुळं काही कोरे राहतात, मग आधीच्या वर्षांवरून आणि आसपासच्या आकड्यांवरून अंदाज बांधून ती भोकं बुजवावी लागतात. फॉर्मचा गाभा चार आकड्यांचा आहे: १ जानेवारीला किती होते, वर्षात किती आले, किती गेले, ३१ डिसेंबरला किती उरले. शाळेतल्या पोरालाही जमेल असं गणित. आणि तरीही दरवर्षी घोळ होतो, कारण ३१ डिसेंबर २०२० चा आकडा आणि १ जानेवारी २०२१ चा आकडा हे बऱ्याच ठिकाणी जुळतच नाहीत. एका रात्रीत माणसं कुठं गायब होत नाहीत, गायब होते ती मोजायची पद्धत. कुणी नवीन सॉफ्टवेअर घेतलं, कुणी पूर्वी किरकोळ गुन्हेवाले धरत नव्हतं आता धरायला लागलं, कुणी दहा वर्षं पडून असलेल्या जुन्या फायली साफ केल्या. रिपोर्टच्या तळटिपा याच कारणांनी भरलेल्या असतात, आणि मला विचाराल तर मुख्य तक्त्यापेक्षा तळटिपाच आधी वाचाव्यात.

फॉर्मवर आणखी एक सूचना असते, केसेस मोजू नका, माणसं मोजा. वाचायला किती सोपं वाटतं! पण एकाच माणसावर दोन काउंटीत दोन केसेस असतील तर दोन्ही ऑफिसं त्याला प्रामाणिकपणे एक एकदा मोजतात आणि वर जाऊन तो दोन होतो. जॉर्जिया राज्यात तर खासगी कंपन्या प्रोबेशनची कामं बघतात, ट्रॅफिकचा दंड एकरकमी भरता आला नाही म्हणूनसुद्धा लोक प्रोबेशनवर जातात, आणि तिथला आकडा केसेसचा असल्यानं तो माणसांपेक्षा फुगलेला असू शकतो हे रिपोर्टमध्येच लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे एकच माणूस प्रोबेशनवरही आणि पॅरोलवरही. २०२१ च्या अखेरीला अमेरिकेत प्रोबेशनवर सुमारे २९ लाख ६३ हजार आणि पॅरोलवर सुमारे ८ लाख ३ हजार लोक होते, बेरीज करा, ३७ लाख ६६ हजार होते, पण एकूण आकडा दिलाय ३७ लाख ४५ हजार. मधले वीसेक हजार म्हणजे दोन्हीकडं नाव असलेले, त्यांना एकदाच धरायचं म्हणून वजा केलेले.

म्हणजे तिकडं दर ६९ प्रौढ माणसांमागं एक जण देखरेखीखाली. २००७ ला हाच आकडा ५१ लाखांच्या आसपास होता, ४५ माणसांमागं एक. कमी झाला खरा, पण का कमी झाला हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. सांगलीकराला हे समजवायला फार कष्ट नकोत. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाची पातळी किती फूट आणि कोयनेतून विसर्ग किती क्युसेक हे दोन्ही बघतो ना, नुसत्या फुटावरून कुणी निश्चिंत होत नाही, कारण पाणी उतरलं ते वरून यायचं कमी झालं म्हणून की खाली अलमट्टीतून सोडायचं वाढवलं म्हणून, हे वेगळं विचारावं लागतं. इथंही तसंच. २०२० मध्ये अमेरिकेत प्रोबेशनवरची संख्या चांगलीच घसरली, लोकांना वाटेल बरेच जण सुधारून मोकळे झाले, पण कोरोनात कोर्टंच बंद होती आणि नवीन येणारेच आटले हे त्यामागचं मोठं कारण होतं.

यातून एक गमतीचं गणित निघतं. एका दिवशी किती सापडतील = वर्षाला किती येतात × सरासरी किती वर्षं राहतात. समजा एखाद्या तालुक्यात वर्षाला ६० जण २ वर्षांच्या बॉण्डवर सुटतात, तर कुठल्याही दिवशी मोजा, १२० सापडतील. आता समजा त्याच तालुक्यात वर्षाला १२० कैदी २१ दिवसांच्या फर्लोवर येतात. माणसं दुप्पट आली, पण एका दिवशी मोजायला गेलात तर १२० × २१ ÷ ३६५, म्हणजे जेमतेम ७. (आकडे माझ्या मनचे आहेत, हिशोब खरा आहे.) ३१ डिसेंबरच्या एका दिवसावर सगळी मदार ठेवली की थोडे दिवस येणारे जवळजवळ दिसतच नाहीत आणि जास्त दिवस राहणारे डोळ्यात भरतात, मग वाचणाऱ्याला वाटतं सगळेच तसले.

आता सगळ्यात भांडणाचा मुद्दा, पळून जाणारे. 'पॅरोलवर सोडलं की फरार होतात' हे कट्ट्यावरचं ठरलेलं वाक्य. फरार किती टक्के हे काढायला भागायचं कशानं? वर्षात जितक्या वेळा रजा दिली त्यानं, की जितक्या माणसांना दिली त्यानं, की त्या दिवशी बाहेर असलेल्यांनी? वरच्या तालुक्यात वर्षात ३ जण परतले नाहीत असं धरा. १२० नं भागलं तर अडीच टक्के, ७ नं भागलं तर ४३ टक्के! दोन्ही भागाकार बरोबर, बातमी मात्र एकाचीच होणार. अमेरिकेत वेगळी अडचण आहे, जो ऑफिसला येत नाही आणि सापडतही नाही तो कागदावर अजून देखरेखीखालीच असतो, मग काही एजन्स्या त्याला धरतात, काही सोडून देतात, म्हणून फॉर्ममध्ये ते वेगळं विचारतात. शिवाय बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय हेही विचारतात: मुदत पूर्ण करून गेला, पुन्हा जेलात गेला, की वारला. समजा १०० जण आले, वर्षात ४० नी मुदत पूर्ण केली, २० परत आत गेले, ४० अजून चालूच आहेत. फेल किती? १०० मागं २० की ६० मागं २०? चालू असलेल्या ४० जणांचा निकाल लागायचाय तोवर दोन्ही उत्तरं अर्धवटच.

हे मोजायची सुरुवात कुणा खात्यानं केली नव्हती बरं का. बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा चपला-बूट करणारा कारागीर होता, १८४१ साली कोर्टात दारूच्या केसमध्ये सापडलेल्या एका माणसाला तो जामीन राहिला आणि पुढं हेच करत बसला, आणि कुणाला सोडवलं, पुढं त्याचं काय झालं हे लिहून ठेवत गेला. १८५८ पर्यंत १,९४६ जणांना तो जामीन राहिला असं सांगतात. प्रोबेशनची पद्धतही त्याची आणि नोंदवहीही त्याचीच.

आपल्याकडं एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्र सरकारचं खातं, दरवर्षी प्रिझन स्टॅटिस्टिक्स काढते. २०२२ च्या अखेरीला देशातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० लोक होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारातले तीन अजून निकालाची वाट बघणारे. पॅरोलवर गेलेले आणि न परतलेले यांचीही नोंद त्यात असते. पण तो जेलचा रिपोर्ट आहे, प्रोबेशनवाला जेलच्या दारातच आलेला नसतो तर त्यात येणार कुठून? त्याचा कागद फिरतो कोर्ट आणि परिविक्षा अधिकारी यांच्यात, आणि महाराष्ट्रात ते अधिकारी जेल खात्याचे नाहीत तर महिला व बाल विकासचे. एका माणसाची गोष्ट तीन खात्यांच्या तीन वह्यांत, आणि तीन वह्यांचे नंबर वेगळे.

उलटा प्रकार बघायचा तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला जा. औंध संस्थानानं १९३९ च्या सुमारास तिथं कैद्यांची मोकळी वसाहत उभी केली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकारानं आणि पंतप्रतिनिधींच्या, म्हणजे औंधच्या राजांच्या पाठिंब्यानं, भिंत नाही, कैदी शेती करतात, बायकापोरांसह राहू शकतात. राहणीमान बघितलं तर अमेरिकेतल्या एखाद्या पॅरोलवाल्यापेक्षा फार वेगळं नाही, पण खुलं कारागृह म्हणून आकडेवारीत हा माणूस जेलमध्येच.

आणि आता एक नवा खण करावा लागणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात सामुदायिक सेवा ही शिक्षा घातलीय, पहिल्यांदाच केलेली पाच हजारांच्या आतली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा असल्या किरकोळ गुन्ह्यांसाठी. समजा एकाला चार दिवस एसटी स्टँड झाडायला लावलं, तर तो जेलमध्ये नाही, पॅरोलवर नाही, बॉण्डवरही नाही, आणि वर्षाला असे ५०० जण असले तरी मघाच्याच हिशोबानं एका दिवशी सरासरी साडेपाचच सापडतील. यांना मोजायचं असेल तर ३१ डिसेंबरचा मुहूर्त काही कामाचा नाही, वर्षात किती जणांना शिक्षा झाली, किती दिवसांची, आणि पुरी किती जणांनी केली हे तीन रकाने पहिल्या वर्षापासूनच धरलेले बरे, कारण मागाहून कोर्टाकोर्टातून फायली उपसून ते काढायचं म्हटलं तर कोण बसणार.